घरालगतच्या छोट्या कार्यशाळेची मांडणी : नांदेड-लातूर परिसरातील मोटार दुरुस्तीच्या शेडच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

घराच्या अंगणात किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकून उभे केलेले शेड हे मराठवाड्यातील शहरी व निमशहरी वस्त्यांचे परिचित दृश्य आहे. अशा शेडचा मूळ हेतू बहुधा वाहन ठेवण्याचा असतो. पुढे त्याच जागेत एक टेबल येते, टेबलावर व्हाइस बसतो, ग्राइंडर येतो आणि काही वर्षांत वाहन रस्त्यावर व कार्यशाळा शेडमध्ये अशी स्थिती होते. नांदेडचा सिडको-हडको परिसर असो, लातूर शहरातील वस्त्या असोत किंवा देगलूर, मुखेड, उदगीर, अहमदपूर यांसारखी तालुक्याची गावे असोत, पाण्याच्या मोटारी भरून देणारा कारागीर अशाच जागेत आपला प्रपंच चालवतो.

छोट्या दुकानातून मोठा उद्योग उभा राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्राला नवीन नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या व्यवसायापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. तथापि प्रत्येक शेडचा कारखाना व्हावा अशी अपेक्षा येथे नाही. आहे त्या जागेत काम वेळेवर, चुकीविना व इजा न होता व्हावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अशा कार्यशाळेत पसारा का होतो आणि तिची मांडणी कोणत्या तत्त्वांवर करता येईल, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

कामाचे स्वरूप :

मांडणीचा विचार करण्यापूर्वी काम समजून घेणे आवश्यक ठरते. या भागात विहिरी व विंधन विहिरींवरील मोटारी जळण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. थ्री फेज पुरवठ्यातील एक फेज गेल्यास उर्वरित दोन फेजवर प्रवाहाचा भार वाढतो व वाइंडिंग तापते. विजेचा दाब कमी असताना तेवढेच पाणी उचलण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते व त्यामुळेही ती तापते. तिसरे कारण पाण्याच्या पातळीचे आहे. पाण्यात बुडालेली सबमर्सिबल मोटार सभोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. पातळी खाली गेली की हे थंड राहणे संपते. म्हणजेच दुष्काळ, वीज आणि भूजल या मराठवाड्याच्या तिन्ही प्रश्नांची परिणती अखेर कारागिराच्या टेबलावर येऊन पडते.

जळालेली मोटार भरण्याची कामे ठरावीक क्रमाने होतात. मोटार खोलणे, जुन्या वाइंडिंगची नोंद घेणे, जळालेली तार काढणे, खाचा साफ करणे, इन्सुलेशनचा कागद बसवणे, नवीन कॉइल भरणे, जोडण्या करणे, मेगरने तपासणी करणे आणि मोटार पुन्हा बांधणे, असा हा क्रम आहे. साध्या मोटारीला तार भरल्यानंतर व्हार्निश देऊन वाळवावे लागते. पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत प्लास्टिकचे आवरण असलेली तार वापरली जात असल्याने ही पायरी येत नाही. या क्रमात सर्वांत नाजूक टप्पा नोंदीचा आहे. खाचांची संख्या, प्रत्येक कॉइलचे वेढे, तारेचा गेज, कॉइलचा फेर व जोडणीचा प्रकार ही माहिती जुनी तार काढताना टिपली नाही, तर ती मोटार पुन्हा भरणे म्हणजे अंदाजाचा खेळ होतो.

पसाऱ्याची कारणे :

कार्यशाळेतील पसारा हे सामान्यतः आळसाचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात त्यामागे आर्थिक कारणे दिसतात. पहिले कारण सुट्या भागांच्या अनिश्चिततेचे होय. जुन्या मोटारीचे बुश, बेअरिंग, इम्पेलर किंवा झाकण तालुक्याच्या गावी हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही. म्हणून कारागीर प्रत्येक जुना भाग ‘कधीतरी लागेल’ या हिशेबाने ठेवतो, आणि अनेकदा तो खरोखरच लागतो. दुसरे कारण भंगाराच्या मूल्याचे आहे. जळालेली तांब्याची तार किलोवर विकली जाते. भाव चढेपर्यंत ती साठवणे ही एक प्रकारची बचतच असते. तिसरे कारण हंगामाचे आहे. रब्बीच्या पाणीपाळ्यांपासून उन्हाळ्यापर्यंत कामाची गर्दी असते व आवराआवर मागे पडते. चौथे कारण घराचे आहे. कार्यशाळा आणि संसार एकाच छताला टेकलेले असल्याने पाण्याचे ड्रम, धान्याची पोती, मुलांची सायकल हे सर्व त्याच शेडमध्ये येते. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईचा अनुभव असलेल्या घरातून पाण्याचा ड्रम बाहेर काढा, असे सांगणे व्यवहार्य नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नको ते फेकून द्या, हा सल्ला या कारागिराला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्याचा पसारा ही त्याची विमा पॉलिसी आहे. मांडणीचा प्रश्न फेकण्याचा कमी आणि साठवलेली वस्तू वेळेवर सापडण्याचा अधिक आहे.

मांडणीविषयक विचारांचा परामर्श :

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंडीकामाचा बारकाईने अभ्यास केला. विटा आणि चुना कामगाराच्या कमरेच्या उंचीवर ठेवल्यास वाकणे टळते, एवढ्या साध्या निरीक्षणातून त्यांनी एक वीट बसवण्यातील हालचाली १८ वरून सुमारे ५ वर आणल्या. त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ यांनी हाच विचार पुढे स्वयंपाकघराला लावला. जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेटे लिहोत्स्की यांनी आखलेले ‘फ्रँकफर्ट स्वयंपाकघर’ अवघे सुमारे ७० चौरस फुटांचे होते. कामाच्या क्रमानुसार वस्तूंची जागा ठरवणे हे त्याचे सूत्र होते. जपानी कारखान्यांत विकसित झालेली ‘फाइव्ह एस’ पद्धती पाच पायऱ्या सांगते : सेइरी म्हणजे निवड, सेइतोन म्हणजे जागा लावणे, सेइसो म्हणजे स्वच्छता, सेइकेत्सु म्हणजे प्रमाणित रीत आणि शित्सुके म्हणजे शिस्त.

हे विचार परके वाटले तरी त्यांचे मर्म आपल्याकडील कारागिरांना अपरिचित नाही. सोनाराची हत्यारे बसल्या जागी हाताशी असतात. लोहाराचा भाता, भट्टी, ऐरण आणि पाण्याची कुंडी एकदोन पावलांत येतात, कारण तापलेले लोखंड थांबत नाही. परंपरेने हे क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरवून दिले होते. मोटार भरण्याचा व्यवसाय तुलनेने नवा असल्याने त्याला असा वारसा मिळालेला नाही. तो कारागिराने स्वतः घडवावयाचा आहे.

प्रत्यक्ष मांडणी :

उदाहरणादाखल १० फूट रुंद व १५ फूट लांब, म्हणजे १५० चौरस फुटांचे शेड घेतल्यास पुढील तत्त्वे सुचवता येतील.

१) चार ढीग : सर्व वस्तू एकदा बाहेर काढून त्यांचे रोज लागणाऱ्या, हंगामात लागणाऱ्या, ‘कधीतरी’ लागणाऱ्या आणि भंगार असे चार भाग करावेत. ‘कधीतरी’च्या वस्तू फेकू नयेत; डब्यात घालून डब्यावर वस्तूचे नाव व तारीख लिहावी. वर्षभरात डबा उघडला गेला नाही, तर त्यातील वस्तू भंगारात जावी. यामुळे निर्णय मनाच्या धाकधुकीवर न राहता तारखेवर राहतो.

२) घाण काम आणि स्वच्छ काम वेगळे : गाळ-चिखलाने भरलेली मोटार खोलणे, ग्राइंडर व वेल्डिंग ही कामे दाराजवळ असावीत. कॉइल भरण्याचे टेबल आतल्या बाजूस, उजेडाच्या भिंतीशी असावे. ग्राइंडरचा लोखंडी कीस तारेवर पडल्यास तिचे पातळ इन्सुलेशन खरवडले जाते व नवी भरलेली मोटारही पुन्हा जळते. येथे मांडणीचा संबंध थेट कामाच्या दर्जाशी येतो.

३) उंचीचा नियम : जड वस्तू गुडघ्याच्या खाली, रोजची हत्यारे कंबर व खांदा यांच्या दरम्यान आणि हलक्या, क्वचित लागणाऱ्या वस्तू त्यावर ठेवाव्यात. पाने, पक्कड, कानस, हातोडी यांसाठी भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगाने काढावी. रिकामी रेषा दिसली की हत्यार जागेवर नाही, हे शोधाशोध न करता कळते.

४) मधली वाट : दारापासून आतल्या टेबलापर्यंत तीन फुटांची वाट कोणत्याही परिस्थितीत मोकळी असावी. हातात वजनदार मोटार असलेल्या माणसाला पायाखालचे दिसत नाही.

५) पत्र्याची चिठ्ठी आणि वही : प्रत्येक मोटारीला आल्याबरोबर तारेने एक छोटी पत्र्याची पट्टी बांधून तिच्यावर क्रमांक घालावा. त्याच क्रमांकाने वहीत मालकाचे नाव, गाव, तारीख आणि वाइंडिंगची संपूर्ण नोंद असावी. सुट्या बोल्ट-वायसरांची डबीही त्याच क्रमांकाची असावी. अनेक कारागीर ही नोंद सिगारेटच्या पाकिटावर किंवा भिंतीवर खडूने करतात. भिंत पुसली जाते, पाकीट हरवते. शेतात हरभरा किंवा ऊस पाण्यावाचून उभा असताना हरवलेल्या नोंदीची किंमत शेतकऱ्याला एका पाळीच्या रूपाने मोजावी लागते.

ही वही पुढे कार्यशाळेतील सर्वांत मौल्यवान वस्तू ठरते. दहा वर्षांच्या नोंदी असलेला कारागीर त्याच बनावटीची मोटार पुन्हा आली की खाचा मोजत बसत नाही. हत्यारे विकत मिळतात, हे ज्ञान मिळत नाही. म्हणून वहीची जागा टेबलावर नसून घरातील कपाटात असावी आणि तिची एक प्रत असावी.

सुरक्षिततेचा विचार :

लातूर जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाचा आघात सोसला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. डोक्यावरचे वजन घातक असते, हा त्या दुर्घटनेचा धडा कार्यशाळेच्या माळ्यालाही लागू आहे. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के नांदेडातही जाणवले. तेव्हा जुन्या मोटारी माळ्यावर रचणे टाळावे आणि उभी मांडणी भिंतीला पट्टीने पक्की करावी.

आगीचा धोका दुसरा आहे. व्हार्निश व थिनर यांची वाफ पेट घेते. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली ती लवकर साचते. हे डबे झाकणबंद, घराच्या भिंतीपासून व वेल्डिंगपासून दूर असावेत आणि व्हार्निशचे काम मोकळ्या हवेत करावे. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये. कोरड्या पावडरीचे अग्निशामक दाराजवळ टांगलेले असावे. मोटार तपासण्याच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व योग्य अर्थिंग असणे अत्यावश्यक आहे. शेड घरालगत असल्याने मुलांचा वावर गृहीत धरावा लागतो. जळालेली तार जाळून साफ करण्याची रीत घरालगत सर्वथा टाळावी, कारण त्या धुरात घरातील सर्वजण श्वास घेतात. धान्याची पोती व पाण्याचा ड्रम शेडमध्ये ठेवणे भागच असेल, तर त्यांच्यासाठी एक कोपरा आडव्या पत्र्याने वेगळा करावा.

सातत्याचा प्रश्न आणि खंडेनवमी :

एकदा लावलेली मांडणी टिकत नाही, ही सार्वत्रिक तक्रार आहे. यावर उपाय कारागिराच्या स्वतःच्या पंचांगात आहे. आश्विनातील खंडेनवमीला हत्यारे धुऊन, पुसून, मांडून त्यांची पूजा करण्याची प्रथा आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथेही दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या पाण्याने तख्त स्नान होते व तेथील शस्त्रे स्वच्छ केली जातात. हत्यार वर्षातून एकदा जागेवरून उचलून निरखून पाहावे, ही दृष्टी या भूमीत आधीपासूनच आहे.

व्यवसायाच्या दृष्टीनेही ही वेळ अचूक आहे. पावसाळा ओसरलेला असतो आणि रब्बीच्या पाण्याची गर्दी सुरू व्हायची असते. पूजेच्या आदल्या दिवशी चार ढिगांची फेरतपासणी, तारीख उलटलेले डबे रिकामे करणे, भंगाराची विक्री, अग्निशामकाची व अर्थिंगची पाहणी एवढी कामे ठेवल्यास शिस्त ही वेगळी शिकवण राहत नाही. ती सणाचा भाग होते. रोजच्या पातळीवर काम बंद करण्यापूर्वीची दहा मिनिटे हत्यारे रेषेवर परत लावण्यास पुरेशी आहेत.

समारोप :

केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद आहे. सुतार, लोहार, कुलूप दुरुस्ती करणारे यांसह १८ व्यवसाय तिच्या यादीत आहेत. मोटार भरणाऱ्याचा त्यांत समावेश नाही. जुन्या गावगाड्यात नांगराचा फाळ शेवटून देणाऱ्याचे जे स्थान होते, तेच आजच्या शेतीत मोटार भरून देणाऱ्याचे आहे, याची नोंद व्हावयास हवी.

या संदर्भात महाविद्यालयांना काही करता येण्यासारखे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात आलेल्या क्षेत्र प्रकल्पांतर्गत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी परिसरातील एका कार्यशाळेची नोंदवही व्यवस्थित करून देऊ शकतात, भौतिकशास्त्राचे विद्यार्थी अर्थिंगची तपासणी समजून घेऊ शकतात आणि गृहविज्ञानाचे विद्यार्थी कामाच्या हालचालींचा नकाशा काढू शकतात. या देवाणघेवाणीत विद्यार्थ्यांचाही लाभ कमी नाही. दीडशे चौरस फुटांत अर्थशास्त्र, विद्युतशास्त्र आणि संसार एकत्र कसे नांदतात, हे वर्गाबाहेर पडल्याशिवाय कळत नाही. कारागिराला मात्र त्यातून एवढेच हवे आहे की, शेतकरी दारात उभा असताना हवा तो पाना हाताला लागावा आणि त्याची मोटार त्याच दिवशी पुन्हा पाण्यात उतरावी.