मोठे टायर : हौस की हिशेब?

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की शेतातला कापूस घरी आणि घरचा कापूस वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी येथील जिनिंगवर पोचवावा लागतो. पूर्वी हे काम बंडी करीत असे. लोखंडी धाव चढविलेले लाकडी चाक गेले, टायरची बंडी आली आणि आता गावोगाव पिकअप आली आहे. चाक बदलले, पांदण मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. म्हणूनच पिकअपच्या मालकांत एक प्रश्न नेहमी निघतो : मोठे टायर टाकले तर गाडी फसायची थांबेल काय?

माझा थोरला भाऊ पिकअप चालवितो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे दादा म्हणाला, "तू शिकून रायला ना, मंग सांग बरं हिशेब करून." मी कला शाखेचा विद्यार्थी, पण हा हिशेब शाळेतल्या गणिताच्या पलीकडचा नाही.

आमच्या टायरवर '२१५/७५ आर १५' असे लिहिले आहे. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. रिमचे ३८१ मिलिमीटर आणि वरखालची बाजू मिळून चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर होतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३ होतो. वाढ ३० मिलिमीटरची. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे अवघा दीड सेंटिमीटर! पांदणीतली चाकोरी वीतभर खोल असते.

या दीड सेंटिमीटरची किंमत काय? चाक शेकडा चारांहून अधिक मोठे झाले, म्हणजे तेवढीच गाडीची ओढ कमी झाली. भरली गाडी शेतातून काढताना पहिल्याच गिअरमध्ये क्लचवर ताण येतो. ब्रेकलाही अधिक जोर लावावा लागतो. काटा ६० दाखवितो तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असते. शिवाय रुंद टायर जुन्या रिमवर नीट बसेलच असे नाही. पूर्ण वळणावर तो मडगार्डला घासू शकतो.

काहींना मोठ्या रिमची हौस असते. २२५/६० आर १७ घेऊन पाहा : व्यास जवळजवळ पूर्वीइतकाच, ७०२. रिम वाढली तेवढी रबराची बाजू घटली. १६१ची १३५ झाली. म्हणजे उंची काहीच मिळाली नाही आणि दगडधोंड्यांचा मार झेलणारी हवेची गादी मात्र पातळ झाली.

रुंद टायर चिखलात कमी रुततो, हे खरे. पण त्यासाठी हवा कमी करावी लागते. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो साधारणपणे त्याच्यातील हवेच्या दाबाइतकाच असतो. भरल्या गाडीत हवा कमी केली तर टायर तापून फुटण्याची भीती. त्यात आपली काळी माती पाण्याने फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा बुजवून टाकते. खाचा बुजल्या की मोठा टायरही गुळगुळीतच!

सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसांची. कापूस भरलेली गाडी आधीच डोईजड असते. टायर मोठे केले की तिचा भार आणखी वर सरकतो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. वेचणीच्या बायांना मालगाडीत बसवून नेणे कायद्याला मंजूर नाही. तरी त्या रोज जातात. गाडी उलटली तर पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलमही कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात फेरबदल करण्यास मनाई करते.

मग करावे काय? माप कारखान्याने दिलेलेच ठेवावे. टायरवर लिहिलेली भारक्षमता पाहावी. हवा टायर थंड असताना तपासावी. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलावा. तोच नियम आहे. चिखलात जाणे रोजचेच असेल तर त्याच मापात खोल खाचांचा टायर मिळतो. दादाने मागच्या चाकांना तसेच टायर घेतले आणि नव्या रिमचे पैसे हप्त्यासाठी राहिले.

तरीही पावसाळ्यात भरली गाडी काही पांदणींत फसणारच. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. मित्रहो, आपण खेड्यांतून आलेली मुले ग्रामसभेत बसून आपल्या पांदणीचे नाव त्या यादीत आहे की नाही, एवढे जरी विचारू लागलो, तरी कुठल्याही टायरपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.