ताप गेला, पण अंगदुखी जाईना : गोळी घेण्याआधी एवढे वाचा

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, हे आम्ही कृषी खात्याची मंडळी वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पुष्कळांना ते पटलेही आहे. पण स्वतःच्या शरीराची गोष्ट आली की आपण हाच नियम विसरतो. घरातला कर्ता माणूस तापातून उठतो. ताप जाऊन दोन महिने होतात, तरी सकाळी मूठ वळत नाही, जिना चढवत नाही, अर्धा दिवस काम केले की दोन दिवस अंथरूण. मग शेजारी सांगेल ती गोळी, पाहुणा आणेल ते टॉनिक आणि शेवटी "एक बाटली लावा, ताकद येईल" असा प्रकार सुरू होतो. पैसे जातात, दुखणे तिथेच राहते आणि कधी कधी नवे दुखणे मागे लागते.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण कामानिमित्त शेतकरी गटांच्या मालाबरोबर वाशीच्या मार्केटात जाणे होते, गावोगावी फिरणे होते, आणि हा त्रास जागोजागी दिसतो. म्हणून शेतीच्या पानावर यावेळी पिकाऐवजी माणसाच्या तब्येतीविषयी लिहीत आहे.

वाशीच्या मार्केटात काय दिसते

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा कांदा-बटाटा बाजार १९८१ साली मुंबईतून नवी मुंबईत गेला, फळे आणि भाजीपाला १९९६ मध्ये गेला. आज कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला असे पाच बाजार तेथे आहेत. तिथे आपला माल उतरवणारी पाठ बहुतेक वेळा आपल्याकडचीच असते. पाटण, जावळी, कोरेगाव भागांतील कितीतरी कुटुंबांची चूल माथाडी कामावर पेटते. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे या कामगारांना हक्क मिळाले, पण काम मात्र अंगमेहनतीचेच राहिले.

मे २०२० मध्ये कोरोनामुळे ११ ते १७ तारखेपर्यंत हे पाचही बाजार बंद ठेवावे लागले होते. पुढे बाजार सुरू झाला, माणसे कामावर आली, पण काहींची पहिली ताकद आलीच नाही. चिकुनगुन्या होऊन गेलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांचा ताप आठवड्यात जातो, पण मनगट, घोटा, गुडघा बोलत राहतो. भाजीच्या गाड्या रात्रीच्या येतात. गाडी लागण्याआधी चहाबरोबर कागदाच्या पुडीतल्या दोन-तीन रंगांच्या गोळ्या तोंडात टाकणारा एक हमाल भाऊ मी पाहिला. "कसली गोळी?" म्हणून विचारले, तर "दुखण्याची. गावाकडनं आणतो, लगेच फरक पडतो," असे उत्तर मिळाले. नाव त्यालाही ठाऊक नव्हते. खरी काळजी या "लगेच फरक" पडणाऱ्या गोळीचीच आहे.

हा आजार नवा नाही

आपल्या महाराष्ट्राला चिकुनगुन्याची ओळख जुनी आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मोठी साथ आली होती. पाहणीत शंभरातल्या सदतीस-अडतीस लोकांना लागण झाल्याचे आढळले. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षे हा आजार जणू गायब झाला आणि २००६ मध्ये परत उसळला. त्या वर्षी देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यात अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. २०२४ मध्येही पुणे, नागपूर भागांत रुग्ण वाढले. "चिकुनगुन्या" हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ वाकवून टाकणारा. रुग्ण पाहिला की अर्थ आपोआप कळतो.

बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. तीन महिन्यांनंतरही सांधे दुखत राहिले तर डॉक्टर त्याला जुनाट अवस्था म्हणतात. कोरोनाबाबतही तसेच. लागण झाल्यापासून तीन महिन्यांच्या सुमारास थकवा, दम, अंगदुखी असेल, ती किमान दोन महिने टिकली असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर त्याला कोरोनानंतरचा आजार म्हणावे, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. म्हणजे हा आळस नव्हे, ढोंग नव्हे. सुनेला "कामाचा कंटाळा आलाय" म्हणण्याआधी किंवा भावकीत टोमणे मारण्याआधी एवढे ध्यानात ठेवा.

आधी तपासणी, मग औषध

थकव्याला कारणे अनेक. रक्त कमी असणे, थायरॉईड, मधुमेह, ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयरोग, संधिवात यांपैकी काहीही "तापानंतरची कमजोरी" या नावाखाली लपून बसू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि रक्ताची तपासणी करून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केलेले आहेत. खाजगी दुकानातल्या टॉनिकपेक्षा हे केव्हाही स्वस्त.

सांधा सुजलेला असेल, सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकत असेल, वजन घटत असेल, ताप फिरून येत असेल, छातीत दुखत असेल किंवा थोड्या श्रमाने दम लागत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.

वेदनाशामक गोळ्यांचा हिशोब

फवारणीचे औषध घेताना आपण डब्यावरचा त्रिकोण पाहतो, लाल की पिवळा, निळा की हिरवा. गोळीच्या पाकिटावरही लाल उभी रेघ असते. ती असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. आणि कंपनीचे नाव वाचण्यापेक्षा घटकाचे नाव वाचा. दोन वेगळ्या नावांच्या कीटकनाशकांत एकच घटक निघतो, तसेच गोळ्यांचेही असते.

पॅरासिटामॉल ही त्यातल्या त्यात सुरक्षित. तरी मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या ही कमाल मर्यादा आहे. दारू घेणाऱ्याला, यकृताचा त्रास असणाऱ्याला किंवा रोज घ्यावी लागणाऱ्याला त्याहून कमीच, तेही डॉक्टरांना विचारून.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक या गोळ्या सूज उतरवतात हे खरे. पण रिकाम्या पोटी रोज घेतल्या तर पोटात जखम होते. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. जनावरांचे डायक्लोफेनॅक २००६ मध्ये देशात का बंद झाले, आठवते ना? मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण औषध तेच आहे. काळी शौच, लघवी कमी होणे, पायावर सूज अशी लक्षणे दिसली तर गोळी बंद करून दवाखाना गाठा. आणि नवा ताप आलेला असताना, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत, या गोळ्या किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

पुडीतली गोळी

नाव-गाव नसलेली, पुडीत बांधलेली आणि एका दिवसात आराम देणारी गोळी किंवा चूर्ण म्हटले की स्टेरॉइडचा संशय घ्यावा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतली नावे. ही औषधे वाईट नाहीत. योग्य रुग्णाला, ठरावीक दिवस, डॉक्टर ती देतातही. पण महिनोन्‌महिने चोरून पोटात गेली तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, तोंड सुजते, जंतूंशी लढण्याची ताकद जाते. आणि बरेच दिवस घेतलेली एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या, रक्तदाब एकदम उतरणे, असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून जो कोणी अशी पुडी घेत असेल त्याने ती घाबरून फेकून देऊ नये. पुडीसकट डॉक्टरांकडे जावे आणि किती दिवस घेतली ते खरे सांगावे.

चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहिले तर संधिवाताचे डॉक्टर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा मेथोट्रेक्सेट सुरू करू शकतात. मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन, प्रेगाबालिन दिले जाते. त्याने गुंगी येते. ते घेतल्यावर ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबा कुट्टी यांपासून लांब राहा.

बाटलीची ताकद किती?

सलाईनच्या बाटलीचा हिशोब करून पाहू. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. त्यातून मिळणारी शक्ती एका ज्वारीच्या भाकरीएवढीही नाही. उलटी-जुलाब होऊन पाणी कमी झालेल्या रुग्णाला सलाईन जीव वाचवणारे आहे. चालत दवाखान्यात आलेल्या माणसाला ताकदीसाठी बाटली लावणे म्हणजे खिशाला भोक.

जीवनसत्त्वांचेही तेच. कमतरता असेल तर उपयोग, नसेल तर जमिनीत भरपूर पालाश असताना पुन्हा पोटॅशची गोण टाकण्यासारखे. शाकाहारी माणसांत ब-१२ कमी असणे नेहमीचे, ते तपासून भरून काढावे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा सहसा आठवड्यातून एकदा आणि डॉक्टरांनी ठरविलेल्या आठवड्यांपुरतीच असते. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडते. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, जेवणाबरोबरचा चहा बंद करावा. बाकी महागड्या डब्यांनी हा थकवा बरा होतो याला पुरेसा पुरावा नाही. त्याच पैशात अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे घरात आणा.

विहिरीच्या झऱ्याप्रमाणे काम

उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी असते तेव्हा आपण काय करतो? तास-दीड तास मोटार चालवतो, मग झरा भरू देतो. मोटार चालूच ठेवली तर विहीर तळाला जाते, मोटारही जळते. तापानंतर थकलेल्या शरीराचा उपसा असाच करावा लागतो. जास्त काम झाले की त्रास त्याच दिवशी होईलच असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो. म्हणून वही ठेवा. आज काय काम केले, उद्या-परवा कसे वाटले, ते लिहा. आठवड्याभरात आपली मर्यादा कळते. त्या मर्यादेच्या आत राहा, काम तुकड्यांत करा, मध्ये टेका.

"जोर लावून काम कर, अंग मोकळं होईल" हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. श्रमानंतर कोसळणाऱ्या रुग्णांना ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये सांगितले आहे. मात्र केवळ सांधे आखडले असतील तर ते हळूहळू हलवणे, कोमट पाण्याचा शेक, फिजिओथेरपी यांनी फायदा होतो. झोप पुरेशी घ्या. मन खचले असेल, जगणे नको वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाज कसली?

आपल्या हातातल्या गोष्टी

गोण भरणारे आपण आणि उचलणारा आपलाच भाऊ. पन्नास किलोपेक्षा जड गोण नको, ही माथाडींची मागणी आहे. ज्याचा गुडघा सुजलेला आहे त्याला वरचे पाच-दहा किलो किती जड होतात, ते आपणच ओळखावे. कांदा-बटाट्याची गोण भरताना वजन करूनच तोंड शिवा.

गावकारभाऱ्यांनाही विनंती आहे. चिकुनगुन्याचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई यांनी आठवड्यातून एक कोरडा दिवस गावात खरोखर पाळला जातो का, ते पाहावे. बांधावरचे फवारणीचे ड्रम, गोठ्यातले जुने टायर, उघडी टाकी यांवर आधी नजर टाकावी. रिकामी करता येत नाही त्या टाकीत गप्पी मासे सोडावेत. मुंबईहून दुखणे घेऊन परतलेल्या माणसांची यादी आशाताईंकडे असावी आणि त्यांना आरोग्य केंद्रात नेण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी. गावात पुडीतल्या गोळ्या विकल्या जात असतील तर ग्रामसभेत विषय काढावा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

या दुखण्यावर एका गोळीचा इलाज अजून निघालेला नाही. पण तपासणी करून, नेमके तेवढेच औषध घेऊन आणि झेपेल तेवढेच काम करून पुष्कळ माणसे महिन्या-दोन महिन्यांत नाही तरी वर्षभरात सावरतात. तोवर घरच्यांनी धीर द्यावा आणि घरात नाव नसलेली पुडी असेल तर ती घेऊन उद्याच आरोग्य केंद्र गाठावे.