चित्रांना ताल हवा

संगणकावर केलेली चित्रमालिका तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या समारंभात पाहिली असेल. गाणे चालू असते, पडद्यावर एक छायाचित्र हळूहळू विरघळते आणि त्याच्या जागी दुसरे उमटते. पण पुष्कळदा असे होते, की गाणे ऐन रंगात असतानाच चित्रे संपतात आणि पडदा काळा होतो. असे का होते? त्यामागे एक साधे गणित आहे. ते पाहण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

जादूचा दिवा

संगणक येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात असे खेळ होत असत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला. शांबरी म्हणजे माया. शांबरिक खरोलिका म्हणजे जादूचा दिवा. ल्यूमिएर बंधूंचे चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवले गेले. म्हणजे पटवर्धनांचा खेळ त्याच्या चार वर्षे आधीचा. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे ते दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडीत. कथा पुराणांतल्या, जोडीला निवेदन आणि संगीत. पुढे त्यांच्या मुलांनीही हा खेळ चालवला. त्यांची काही काचचित्रे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली आहेत.

अशा दिव्याची रचना सोपी असते. प्रखर दिव्याचा उजेड एक भिंग गोळा करून काचचित्रावर टाकते आणि पुढचे बहिर्गोल भिंग चित्राची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडते. ही प्रतिमा उलटी पडते, म्हणून काच उलटी लावावी लागते. दोन दिवे एकाच पडद्यावर रोखले, आणि एकाचा उजेड कमी करीत दुसऱ्याचा वाढवला, की पहिले चित्र दुसऱ्यात विरघळून जाते.

हाताने चालणाऱ्या खेळात एक सोय असते. गायकाने ओळ लांबवली, तर काच सरकवणारा माणूस थांबू शकतो. त्याचा कान गाण्याकडे असतो. संगणक असा थांबत नाही. त्याला प्रत्येक चित्राची वेळ आधी सांगावी लागते. आणि घोटाळा होतो तो इथेच.

संगणक चित्र कसे विरघळवतो?

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. १९२० × १०८० मापाच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या तेजाचे तीन आकडे, साधारणपणे ० ते २५५ यांच्या दरम्यान. समजा, पहिल्या चित्रात एका बिंदूचा तांबडा आकडा २०० आहे आणि दुसऱ्यात त्याच जागी १०० आहे. बदल एक चतुर्थांश झाला, की संगणक पहिल्याचा पाऊण आणि दुसऱ्याचा पाव भाग घेतो: १५० + २५ = १७५. निम्म्यावर १५०, शेवटी १००. हीच बेरीज तो प्रत्येक बिंदूसाठी, सेकंदाला २५ किंवा ३० वेळा करतो. दोन दिव्यांचे काम आता सरासरी करते!

मात्रा आणि सेकंद

आता एक उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्यातले केंदूर हे संत कान्हो पाठक यांचे गाव. समजा, तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावाची चित्रमालिका करायचे ठरवले: देऊळ, विहीर, खळे, घराघरांतले जुने फोटो. जोडीला भजन. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल, तर एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि एक आवर्तन ६ सेकंदांचे. तीन मिनिटांत अशी ३० आवर्तने बसतात. दर समेवर नवे चित्र आणायचे, तर चित्रे हवीत ३०.

मग प्रत्येक चित्राला ६ सेकंद दिले की झाले? नाही. एक सेकंद विरघळण्याचा ठेवला, तर त्या सेकंदात दोन चित्रे एकाच वेळी पडद्यावर असतात. तो वेळ दोघांत सामाईक असतो, म्हणून एकदा वजा करावा लागतो. चित्रांची संख्या 'न', प्रत्येकाचा वेळ 'ट' आणि सामाईक वेळ 'व' मानला, तर

एकूण वेळ = न × ट − (न − १) × व

म्हणजे ३० × ६ − २९ × १ = १५१ सेकंद. भजन १८० सेकंदांचे! उरलेले २९ सेकंद पडदा काळा. शिवाय चित्रे दर ५ सेकंदांनी बदलतील, आणि दुसऱ्याच चित्राला सम चुकेल. प्रत्येक चित्राला ७ सेकंद द्या: ३० × ७ − २९ = १८१. आता नवे चित्र बरोबर ६, १२, १८ सेकंदांना उमटू लागेल, आणि शेवटचा एक सेकंद पडदा मंदावण्यासाठी मिळेल.

दुसरी अडचण अशी, की रंगलेल्या भजनाची लय वाढत जाते. ती मिनिटाला १०० मात्रांवर गेली, तर आवर्तन ४.८ सेकंदांचे होते. म्हणून भजनाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दहा-दहा आवर्तनांचा वेळ घड्याळ लावून मोजा. ओपनशॉटसारख्या मोफत प्रणालीत ध्वनीचा आलेख दिसतो. पखवाजाच्या जोरदार थापा त्यात उंच टोकांसारख्या दिसतात. त्यांच्याशी चित्रे जुळवा.

दोन आवाज जोडताना मात्र चित्रांची युक्ती पुरत नाही. ध्वनीची शक्ती कंपविस्ताराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन्ही आवाजांचा कंपविस्तार निम्मा केला, तर शक्ती पाव अधिक पाव, म्हणजे निम्मीच राहते आणि मध्येच आवाज खचल्यासारखा वाटतो. मध्यावर दोन्ही ०.७ पट ठेवा, ०.४९ आणि ०.४९ मिळून शक्ती जवळजवळ एक होते.

आवाजही जपा

पटवर्धनांची चित्रे आज पाहता येतात, कारण ती काचेवर होती. त्या वेळचा निवेदकाचा आवाज काचेवर उमटत नव्हता. तुम्हाला दोन्ही जपता येतील. घरातल्या जुन्या फोटोत कोण उभे आहे, हे आजी-आजोबांना अजून सांगता येते. आणखी काही वर्षांनी ते विचारायचे कोणाला? त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच आवाजात ती माहिती ध्वनिमुद्रित करा, चित्रासोबत जोडा, आणि तयार झालेल्या मालिकेच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

जाता जाता एक गणित. गाणे १४२ सेकंदांचे आहे, चित्रे २० आहेत आणि प्रत्येक बदलाला २ सेकंद द्यायचे आहेत. प्रत्येक चित्राला किती वेळ द्याल? उत्तर ९ सेकंद आले, तर तुम्ही कामाला लागायला हरकत नाही.