मदत द्यायचीय? आधी विचारा, मग गठुडं बांधा

नांदेड/लातूर : १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरलं. पुढच्याच महिन्यात लातूर-नांदेडसह मराठवाड्याला पुरानं झोडपलं. अशा वेळी मदत करणारे हात कमी पडत नाहीत. गावोगाव फेरी निघते, टेम्पो भरतात. पण टेम्पोत येतं ते आणि घरात लागतं ते, याचा मेळ बसतोच असं नाही.

सरकारकडून काय मिळतं?

घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं, तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी-घरसामानासाठी २,५०० रुपये धरले होते. राज्य सरकार वेळप्रसंगी त्यात भर घालतं. पण तवा-परातीपासून अंथरुणापर्यंत सगळं नव्यानं घ्यायचं म्हटलं, की ही रक्कम किती पुरते हे घर चालवणाऱ्या बाईला विचारा.

कार्ड कोणतं, हे आधी बघा

प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला घरटी ३५ किलो धान्य रेशनवर फुकट मिळतं. अशा घरी पुन्हा गहू-तांदूळ दिला तर पोती साचतात, अन् फोडणीला तेल नसतं. त्यांना तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, साखर, चहापत्ती, साबण आणि काडेपेटी द्या.

केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं वेगळं आहे. लातूर, नांदेडसह १४ जिल्ह्यांत त्यांना धान्याऐवजी खात्यावर पैसे मिळतात. २०२३ पासून माणशी महिन्याला १५० रुपये होते, नंतर १७० झाले. घरातली ज्वारी भिजली, तर या कुटुंबाकडं दाणाच उरत नाही. तिथं ज्वारी आणि पीठ आधी पोचलं पाहिजे.

नेहमी विसरल्या जाणाऱ्या वस्तू

• तवा, परात, पातेलं, ताट-तांब्या, बादली, पिण्याच्या पाण्याला झाकणाची कळशी
• सतरंजी, चादर, ताडपत्री, बॅटरी
• सॅनिटरी पॅड, नवे आतले कपडे, साडीसोबत परकर आणि ब्लाउज
• लेकरांच्या वह्या, दप्तर, चप्पल
• जनावरं असतील तर कोरडा कडबा

जुन्या कपड्यांचं काय?

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. 'गूंज' संस्थेनं त्यातले कितीतरी कपडे गोळा करून कामी लावले. ती वेळ आपल्याकडं येऊ नये. कपडे द्यायचेच तर धुऊन, वाळवून, बटनं-चैनी बघून द्या. बाई, गडी, लेकरू असे वेगळे गठ्ठे बांधून वर माप लिहा. जे आपल्या पाहुण्याला देता येणार नाही, ते पूरग्रस्तालाही देऊ नका.

वाटप कसं करावं?

निघण्याआधी सरपंच, ग्रामसेवक, तलाठी किंवा आशाताईंना फोन करा. किती घरं, कुणाकडं काय नाही, याची यादी मागा. रस्त्यावरच्या पहिल्या गावात चार टेम्पो थांबतात आणि आतल्या वस्तीवर, तांड्यावर एकही जात नाही, असं होऊ देऊ नका. भाड्यानं राहणारे, एकट्या विधवा, गायरानावरची घरं यादीतून सुटली का, तेही विचारा.

सामान देताना फोटो काढायचाच असेल तर टेम्पोचा काढा, माणसाचा नको. काल स्वतःच्या शेतातून चार पायल्या दान करणारा आज हात पुढं करतोय. त्याला ते गावभर व्हॉट्सअॅपवर दिसलेलं सोसत नाही.

आणि सगळं पहिल्याच आठवड्यात संपवू नका. तेव्हा तयार जेवण मिळतं. पंधरा दिवसांनी गर्दी ओसरते, पीक गेलेलं असतं, मजुरी नसते. निम्मं सामान तेव्हासाठी राखून ठेवा.