हाक आणि ‘ओ’

चेंडूसारखं गोल एक अंतराळजहाज. आत शिड्या, अरुंद मजले आणि आठ ठिकाणी आठ यंत्रं: चार दिशांना चार तोफा, एक इंजिन, एक ढाल, एक नकाशा आणि एक मोठं अस्त्र. चालवणारी माणसं मात्र दोनच. एका वेळी एका माणसाने एकच यंत्र हाताळायचं. इंजिनावर बसलेल्याला तोफ डागता येत नाही आणि तोफेवरच्याला ढाल फिरवता येत नाही. ढालही अशी, की ती जहाजाची एकच बाजू झाकते. शत्रू चहूकडून चालून येतात आणि आतली दोघं शिड्यांवरून खाली-वर धावत सुटतात.

कॅनडातल्या टोरांटोच्या ‘अ‍ॅस्टेरॉइड बेस’ या छोट्याशा कंपनीने २०१५मध्ये आणलेल्या ‘लव्हर्स इन अ डेंजरस स्पेसटाइम’ या व्हिडीओ गेमची ही मांडणी. नावात प्रेमी असले तरी खेळ सगळ्या घराचा आहे. रंगीबेरंगी अवकाशात फिरायचं, कैदेत अडकलेल्या सशांसारख्या इवल्या प्राण्यांना सोडवायचं आणि तोवर आपलं जहाज टिकवायचं. दोघांनी एकाच पडद्यासमोर, शेजारी शेजारी बसून खेळावं, अशीच त्याची रचना आहे. पुढे त्यात चौघांची सोय झाली, पण खरी गंमत आणि खरी धांदल दोघांच्या खेळातच.

पहिल्यांदा खेळणाऱ्या बहुतेक जोड्यांचं जहाज फुटतं ते ठरावीक पद्धतीने. दोघंही एकाच तोफेकडे धावतात, ढाल मोकळी राहते. मग ‘अरे, ढाल!’ आणि ‘मला वाटलं, तू आहेस तिथे!’ असा संवाद होतो. दोघांचे डोळे धड, हात धड, समोरचा पडदाही एकच. तरी असं का व्हावं? याचं उत्तर खेळात नाही, आपल्या मेंदूत आहे. आणि ते खेळापेक्षा बऱ्याच गंभीर ठिकाणी उपयोगी पडतं.

एक ना धड…

एकाच वेळी अनेक कामं करता येतात, याचा आपल्याला फार अभिमान असतो. चालता चालता बोलणं जमतंही, कारण चालणं अंगवळणी पडलेलं असतं. पण दोन्ही कामांत निर्णय घ्यायचा असेल, तर मेंदूत वाट अरुंद होते. हॅरॉल्ड पॅशलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात ही अडचण बाटलीच्या निमुळत्या मानेच्या रूपकातून मांडली. दोन इशारे पाठोपाठ आले, की पहिल्याचा निर्णय होईपर्यंत दुसऱ्याला ताटकळावं लागतं. हा उशीर सेकंदाच्या अंशाचा असतो, पण सरावलेल्या माणसांतही तो सहसा पूर्णपणे जात नाही. शिवाय एका कामातून दुसऱ्या कामात शिरताना मेंदूला नवे नियम पुढे आणावे लागतात आणि जुने बाजूला सारावे लागतात. त्याची किंमत वेगळी. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

आता जहाजाचा हिशेब करू. आठ यंत्रं, दोन माणसं. म्हणजे कितीही चपळाई केली तरी निदान सहा यंत्रं प्रत्येक क्षणी मोकळीच राहणार. ‘कोण जास्त वेगाने धावतो’ हा खरा प्रश्नच नाही. या क्षणी कोणती सहा मोकळी ठेवायची आणि ते दोघांनाही माहीत आहे का, हा प्रश्न आहे.

‘मला ऐकूच आलं नाही’

दोघांनाही माहीत असायला बोलावं लागतं. पण नुसतं बोलून भागत नाही. ‘मी ओरडून सांगितलं होतं’ आणि ‘मला ऐकूच आलं नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१५मध्ये याचा पुरावा दिला. स्वयंसेवकांना पडद्यावर काही शोधण्याचं काम दिलं आणि त्याच वेळी एक आवाज ऐकवला. मेंदूतल्या चुंबकीय लहरी मोजणाऱ्या यंत्राने त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद टिपला. डोळ्यांचं काम अवघड झालं, तसा आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद सुरुवातीच्या टप्प्यातच मंदावला आणि आवाज निसटण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे कान ठीक असतात, आवाज कानापर्यंत पोचतोही, पण डोळ्यांनी लक्षाची बहुतेक शिदोरी संपवलेली असते. याला अवधानातून आलेलं तात्पुरतं बहिरेपण म्हणता येईल.

तोफेवर डोळे रोखून बसलेला जोडीदार तुमची हाक मुद्दाम टाळतो असं नाही. मोबाइलमध्ये मान घातलेला मुलगा किंवा फोडणीकडे लक्ष असलेली आई, यांचंही तसंच होतं. म्हणून हाक मारणाऱ्याचं काम हाकेवर संपत नाही. ‘ओ’ आली, की ते संपतं.

एका दिव्यापायी

हीच गोष्ट विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून शिकली. २९ डिसेंबर १९७२च्या रात्री न्यूयॉर्कहून मायामीला निघालेलं ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान उतरण्याच्या तयारीत होतं. पुढचं चाक खाली येऊन घट्ट बसल्याचा हिरवा दिवा लागला नाही. वैमानिकांनी विमान २,००० फुटांवर नेलं, स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली केलं आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. एकजण दिवा काढून बघत होता, एकजण चाक पाहायला खालच्या कप्प्यात उतरला होता. दरम्यान, उंची राखणारी यंत्रणा नकळत सुटली. विमान हळूहळू खाली येऊ लागलं. उंची घटल्याचा इशारा देणारी घंटी कॉकपिटमध्ये वाजली, पण कुणीच तिला प्रतिसाद दिला नाही. विमान दलदलीत कोसळलं. १७६पैकी १०१ जण दगावले. चाक खाली आलेलंच होतं, दिव्याचे बल्ब तेवढे जळाले होते.

सगळे एका तोफेवर आणि इंजिनावर कुणीच नाही, अशी ही अवस्था होती. अशा काही दुर्घटनांनंतर १९७९मध्ये ‘नासा’ने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून वैमानिकांच्या चमूला एकत्र काम करायला शिकवणारं प्रशिक्षण उभं राहिलं. त्याचे धडे वरवर साधे वाटतील. अडचण कोणतीही असो, एकाने विमान उडवत राहायचं आणि ते कोण करतंय हे स्पष्ट बोलून ठरवायचं. सूचना मिळाली की ती उलट उच्चारायची. कनिष्ठाला शंका आली तर त्याने गप्प बसायचं नाही. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक समोरचा सिग्नल मोठ्याने पुकारून एकमेकांना सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरीही. दिसणं आणि दोघांनी एकच गोष्ट पाहिल्याची खात्री असणं, यांत फरक आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये

पुढे हा धडा दवाखान्यांत पोचला. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक पडताळणी सूची तयार केली. त्यात रुग्णाची ओळख आणि शस्त्रक्रियेची जागा तपासण्याबरोबर आणखी एक मुद्दा होता: चमूतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. पुढे २०१४मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णालयांच्या अभ्यासात मात्र असा लक्षणीय फरक दिसला नाही. या दोन निकालांची कारणं अनेक असू शकतात. एक गोष्ट मात्र उघड आहे: कागदावर खुणा करणं वेगळं आणि एकमेकांशी बोलणं वेगळं.

खेळाने काय साधतं, काय नाही?

मग असे खेळ खेळून माणसं हे शिकतात का? दावे जपून करायला हवेत. वेगवान खेळ खेळणाऱ्यांचं दृश्य-अवधान अधिक चांगलं असतं, असं शॉन ग्रीन आणि डाफ्ने बॅव्हेलिए यांनी २००३मध्ये दाखवलं होतं. पण खेळातलं कौशल्य रोजच्या जगण्यात कितपत उतरतं, याबाबत नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा फारसा उत्साहवर्धक नाही. खेळाने बुद्धी वाढते, असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

एकत्र काम करण्याबद्दलची निरीक्षणं थोडी आशादायक आहेत. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी एकमेकांना न ओळखणाऱ्यांचे गट केले. काही गट ४५ मिनिटं एकत्र व्हिडीओ गेम खेळले. त्यानंतरच्या सामूहिक शोधकामात या गटांची कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी सुधारली. त्यांचे खेळ वेगळे होते आणि हा परिणाम किती काळ टिकतो, ही निराळी बाब. पण अनोळखी माणसांचं सूत इतक्या थोड्या वेळात जुळतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

काळजीही हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आवृत्तीत, ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याहून खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, ही त्याची लक्षणं. आठवड्यातून दोनदा भावंडांनी अर्धा-पाऊण तास हसतखिदळत खेळणं त्यात बसत नाही. मात्र लखलखत्या प्रकाशाने झटके येणाऱ्या रुग्णांनी असे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नयेत.

घरातलं जहाज

जहाज टिकवणाऱ्या जोड्यांच्या बोलण्यात थोड्या वेळाने एक शिस्त येते. ‘कुणीतरी ढाल बघा’ हे वाक्य मागे पडतं. त्याची जागा चार गोष्टी घेतात. आधी नाव: ‘ताई!’ मग एकच काम: ‘ढाल डावीकडे.’ समोरून ‘ओ’ आणि तेच शब्द: ‘ढाल डावीकडे.’ काम झालं की खबर: ‘झालं.’ आणखी एक सवय लागते, ती सर्वांत मोलाची. जागा सोडण्याआधी सांगायचं: ‘मी इंजिन सोडतोय.’ आपण काय धरलंय याच्याइतकंच आपण काय सोडतोय हेही दुसऱ्याला कळावं लागतं.

रस्त्यात कुणी कोसळलं, तर जमलेल्या गर्दीला ‘कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बोलावेल. त्याऐवजी एकाकडे बोट दाखवावं: ‘निळ्या शर्टातले दादा, तुम्ही १०८ला फोन लावा आणि लागला की मला सांगा.’ प्रथमोपचाराच्या वर्गात हेच शिकवतात.

पण खरी कसोटी रोजच्या घरातच लागते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची सेवा तिघं-चौघं करतात. सगळे जीव ओतून करतात आणि तरीही रक्तदाबाची गोळी कधी राहून जाते, कधी दोनदा दिली जाते. दुसरी चूक पहिलीहून धोक्याची ठरू शकते. मधुमेहाच्या इन्सुलिनबाबत तर ती जिवावर बेतू शकते. तिथे माया कमी पडलेली नसते, ‘ओ’ कमी पडलेली असते. उपाय बिनखर्चाचा आहे. औषधांच्या डब्यापाशी एक कागद लावा. जो देईल त्याने तिथेच वेळ आणि नाव लिहावं. बाहेर पडणाऱ्याने एवढं म्हणावं: ‘वहिनी, मी निघालो. आठची गोळी दिली, दोनची तुमच्याकडे.’ आणि वहिनींनी नुसती मान न हलवता उत्तर द्यावं: ‘ओ, दोनची माझ्याकडे.’