वजाबाकीचा खेळ आणि नवाचा ताळा

सहावी-सातवीत गेलेले मूल हातच्याची वजाबाकी चुकू लागले की घरची मंडळी त्यास 'गणितात कच्चे' ठरवून मोकळी होतात. माझ्या मते अशा बहुतेक मुलांची बुद्धी मंद नसते, सराव अपुरा राहिलेला असतो. परंतु बारा वर्षांच्या मुलापुढे पुन्हा तिसरीची उदाहरणे मांडावीत, तर त्यास तो अपमान वाटतो. आणि त्यात त्याचे काही चुकते असे नाही.

ह्या अडचणीवरचा एक उपाय आपल्याच एका शाळामास्तरांनी देऊन ठेवला आहे. डहाणूस १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीस शिक्षक होते. ६१७४ ह्या संख्येचा विलक्षण गुण त्यांनी शोधून काढला. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर ह्यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव दूरवर पोहोचले.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्याखाली चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करावी. येईल त्या संख्येचे पुन्हा तसेच करावे. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. शेवटी ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. तेथून पुढे हलणे नाही! आरंभ कोठूनही करा, फार तर सात पायऱ्यांत हाच मुक्काम येतो.

पनवेलीस माझ्या ओट्यावर मुले जमतात तेव्हा मी दोन पक्ष करतो. एकाने वजाबाकी करावयाची, दुसऱ्याने नवाचा ताळा पाहावयाचा: उत्तरातील अंकांच्या बेरजेस नवाने निःशेष भाग गेलाच पाहिजे. कच्ची मुले ८७३० वजा ०३७८ करताना प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक काढतात व ८४४८ लिहितात. बेरीज २४, चोर सापडला! मास्तरांच्या लाल शाईवाचून चूक कळली, की तीच मुले ती हसत सुधारतात.

येथे एक सावधगिरी हवी. वाटेत चूक झाली तरी पुढची आकडेमोड बरोबर असल्यास ६१७४ बहुधा येतेच. म्हणून ताळा शेवटी नव्हे, प्रत्येक पायरीस पाहावा. अंकांची केवळ अदलाबदल झाली, तर मात्र हा ताळाही ती पकडत नाही. तेथे उत्तर खालच्या संख्येत मिळवून पाहावे.

ज्यास चार अंक झेपत नाहीत त्याने तीन घ्यावेत. तेथील मुक्काम ४९५. त्याहूनही अडल्यास दहा-दहा काड्यांच्या जुड्या द्याव्यात. ५२ मधून २५ काढताना एक जुडी स्वतःच्या हाताने सोडली, म्हणजे 'हातचा' कोठून आला हे मुलास दिसते. मोबाईल तेवढा वेळ कपाटात ठेवावा.

चार अंकांत हात बसला की मुले आपण होऊन पाच अंकांकडे वळतात. तेथे असा एकच मुक्काम नाही. संख्या एखाद्या फेऱ्यात सापडून फिरत राहतात. तो फेरा हुडकण्यास कागद बराच लागतो, तेव्हा पाठकोरे कागद जपून ठेवावेत.