माशाच्या आणि कॅमेऱ्याच्या मधलं पाणी

सुट्टीत मालवणला जाऊन आलेल्या पुणेकराने फोटो दाखवायला काढले की क्रम ठरलेला असतो. किल्ल्याचे फोटो झकास, ताटातल्या सुरमईचा त्याहून झकास. मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना छोट्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याने काढलेले फोटो येतात: एकजात हिरवट, धुरकट, आणि मासा म्हणून कोपऱ्यात एक करडा ठिपका. ‘कॅमेराच साधा आहे हो,’ म्हणून विषय संपतो. कॅमेरा बिचारा निर्दोष असतो. फोटो बिघडवलेला असतो मधल्या पाण्याने.

पाणी पारदर्शक असतं हे पेलाभर पाण्यापुरतं ठीक आहे. पाण्याच्या रेणूंच्या कंपनांमध्ये लाल प्रकाशाची ऊर्जा शोषली जाते. अगदी शुद्ध पाण्यातही लाल प्रकाश दर मीटरला सुमारे ३० टक्के घटतो, निळा जेमतेम एखादा टक्का. मालवणच्या किनाऱ्याला तर नद्या-खाड्यांचा गाळ आणि सूक्ष्म वनस्पती-प्लवकं असतात. ती निळा प्रकाशही खातात, म्हणून उरतो तो हिरवा.

इथे नवखे लोक एक हिशेब चुकतात. ते फक्त खोली मोजतात. प्रकाश आधी पृष्ठभागापासून माशापर्यंत उतरतो आणि मग माशापासून कॅमेऱ्यापर्यंत येतो. मासा २ मीटर खोल आणि तुम्ही त्याच्यापासून २ मीटर लांब असाल, तर प्रकाशाचा प्रवास झाला ४ मीटर. लाल रंग उरला जेमतेम पाव हिस्सा. तोच मासा अर्ध्या मीटरवरून टिपला, तर ४० टक्क्यांहून जास्त लाल रंग हाती लागतो. कॅमेरा तोच, खोली तीच, कमी झालं ते फक्त पाणी.

म्हणून पहिला नियम: जवळ जा. झूम वापरू नका. झूममुळे मासा मोठा होतो, पाणी आहे तेवढंच राहतं. लेन्स सर्वांत रुंद कोनावर ठेवा आणि आपणच पुढे सरका. यातही डोळे फसवतात. मास्कमधल्या हवेत शिरताना प्रकाश वळतो, त्यामुळे २ मीटरवरचा मासा दीड मीटरवर भासतो. ‘आता पुरेसं जवळ आलो’ असं वाटेल, तेव्हा आणखी थोडं पुढे जायचं.

फ्लॅशचं गणित बोरघाटातल्या धुक्यासारखं आहे. धुक्यात हेडलाइट अपर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यात तरंगणारे कण फ्लॅशचा प्रकाश तसाच उलट फेकतात आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. अशा छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो, त्यामुळे त्रास जास्त. विषय वीतभर अंतरावर नसेल, तर फ्लॅश बंद ठेवा. सूर्य वर चढलेला असताना, तो पाठीशी घेऊन, उथळ पाण्यात फोटो काढा.

उरलेला लाल रंग सावरायला ‘अंडरवॉटर’ मोड किंवा व्हाइट बॅलन्स आहे. पांढरी प्लास्टिकची पाटी पाण्यात धरून कॅमेऱ्याला ‘हे पांढरं’ असं शिकवता येतं. खोली बदलली की पुन्हा शिकवायचं. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचं अंतर मोजून पाण्याचा परिणाम वजा करणारी ‘सी-थ्रू’ ही संगणकीय पद्धत २०१९मध्ये मांडली गेली. पण जो प्रकाश कॅमेऱ्यात शिरलाच नाही, तो कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. लाल वाढवत नेला की फोटोत नुसते रंगीत दाणे दिसू लागतात.

तालीम पुण्यातच करता येते. कॅमेऱ्याला वेगळी जलरोधक पेटी असेल, तर आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर घालून ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. कागद ओला झाला, तर रबरी कडीवर केस किंवा वाळूचा कण अडकला आहे का ते पाहा. मग परवानगी घेऊन पोहण्याच्या तलावात लाल झाकण बुडवा आणि अर्ध्या मीटरवरून एक, चार मीटरवरून एक असे दोन फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवले की वरचं सगळं शास्त्र डोळ्यांना दिसेल.

‘जवळ जा’ या नियमाला एक मर्यादा मात्र आहे. मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फोटोसाठी प्रवाळावर उभं राहू नका, पाव टाकून मासे बोलावू नका. स्थिर तरंगत वाट पाहा. हातपाय न झाडणाऱ्या माणसाजवळ मासे आपणहून येतात, आणि तेव्हा मधलं पाणी तेच कमी करतात.